ठाकूरद्वारची बाजारपेठ आणि वेगळ्या संवेदनांचे ग्राहक

मुंबईच्या गिरगाव भागात जगन्नाथ शंकरशेट मार्गावर ठाकूरद्वारचा नाका आहे. पश्चिमेस चर्नी रोड व मरीन लाइन्स ही उपनगरी रेल्वेची दोन स्थानके, पूर्वेस भुलेश्वर व काळबादेवी या मोठ्या व्यापारपेठा, आणि आजूबाजूस फणसवाडी, झावबाची वाडी, मुगभाट, खोताची वाडी अशा जुन्या वस्त्या. देवळावरून नाव पडलेल्या या नाक्याच्या परिसरात किराणा, कापड, भांडी, पूजासाहित्य, शालेय वस्तू, फराळाचे जिन्नस आणि औषधे एकमेकांना खेटून विकली जातात. मेट्रो-३ मार्गाचा अखेरचा टप्पा सुरू होऊन ९ ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले, आणि ज्या रस्त्याने कित्येक वर्षे पत्र्यांची कुंपणे पाहिली तेथे आता दूरदूरच्या उपनगरांतून लोक थेट येऊ लागले आहेत. या गल्ल्यांची ओळख नसलेला ग्राहक पूर्वीपेक्षा अधिक संख्येने येणार, हे उघड आहे.

या गर्दीत काही माणसे मात्र सहसा दिसत नाहीत. ती वाड्यांमधून आणि चाळींमधून राहतात, त्यांनाही वही, साबण, शर्ट आणि बटाटेवडा हवा असतो. परंतु बाजारात त्यांना आणणे घरच्यांना अवघड वाटते. एकदा मूल भर रस्त्यात कानावर हात ठेवून किंचाळले, जमिनीवर बसले, चार माणसे जमली, कोणी तरी "काय हे वळण लावलंय!" असे म्हणाले, की ती आई पुन्हा त्या मुलास घेऊन नाक्यावर येत नाही. मूल पुढे पंचवीस वर्षांचा तरुण होते, तरी त्याचा बाजार खिडकीपुरताच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे ग्राहक आणि त्यांच्यासाठी बाजारपेठेस करता येण्यासारख्या गोष्टी हा आहे.

हे ग्राहक कोण?

स्वमग्नता, अवधान टिकविण्यातील अडचण व अतिचंचलता, वाचन-लेखन किंवा गणित यांपुरती मर्यादित असलेली अध्ययन अक्षमता, अशा अनेक अवस्थांमध्ये मेंदूची माहिती घेण्याची व तिचा अर्थ लावण्याची रीत बहुसंख्यांहून निराळी असते. अशा व्यक्तींस अलीकडे इंग्रजीतून न्यूरोडायव्हर्जंट म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मराठीत त्यास सर्वमान्य झालेला शब्द अद्याप रुळलेला नाही; 'चेतावैविध्य' हा शब्द चालण्यासारखा आहे. हा रोग नव्हे, आणि तो औषधाने 'बरा' करावयाचा नसतो. जन्मतःच असलेली ही घडण आयुष्यभर सोबत करते. तीत बुद्धी कमी असेलच असे नाही, किंबहुना काहींची स्मरणशक्ती आणि बारकाव्यांवरील पकड इतरांस अचंबित करणारी असते. परंतु काहींना बोलताही येत नाही. दोन टोकांच्या मध्ये अनेक छटा आहेत, आणि एका स्वमग्न व्यक्तीस ओळखले म्हणजे सर्वांस ओळखले असे होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारणतः १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. आपल्याकडे मोजदादीचाच प्रश्न आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने ती प्रथम कायद्याच्या कक्षेत आणली. तरीही २०११ च्या जनगणनेत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी पायरी कोण बांधणार! पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले; त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या क्षेत्रात मुंबई मागे नाही. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शिवडी येथील जय वकील शाळेचे काम १९४४ पासून चालू आहे. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये घेतला, आणि महानगरपालिकेच्या शीव, नायर व केईएम रुग्णालयांतून अशा मुलांची तपासणी होत आली आहे. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग २०२२ च्या डिसेंबरात स्थापन झाला. म्हणजे शाळा आहे, तपासणी आहे, सवलत आहे. शाळेबाहेर पडून रस्ता ओलांडल्यावर जे जग सुरू होते, तेथे मात्र या मुलांसाठी फारसे काही केलेले आढळत नाही.

आवाज, वास आणि उजेड

सायंकाळी सहाच्या सुमारास ठाकूरद्वारच्या नाक्यावर पाच मिनिटे डोळे मिटून उभे राहावे. बेस्टच्या बसचा भोंगा, दुचाकींची कर्कश शिट्टी, हातगाडीवाल्याची "बाजू, बाजू" ही आरोळी, कढईत पडणाऱ्या घाण्याचा चरचराट, एखाद्या दुकानातील ध्वनिवर्धक, आणि या सर्वांवर ताण करणारे मोबाइलवरील संभाषण. आपला मेंदू यातील नव्वद गोष्टी बाजूस सारतो आणि ज्या मित्राशी आपण बोलत आहोत त्याचेच शब्द पुढे आणतो. ही चाळणी आपण लावलेली नसते. ती आपोआप चालते. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही चाळणी विरळ असते, त्यामुळे सर्व आवाज एकाच उंचीने आत येतात. लुकलुकणारी नळी, दिव्यांच्या धावत्या माळा, कापूर, अत्तर आणि तळणीचा एकत्र वास, पाठीमागून अवचित लागलेला धक्का यांचेही तसेच. काहींच्या बाबतीत याच्या उलट असते. त्यांना आवाज वा स्पर्श पुरेसा जाणवत नाही, म्हणून ते स्वतः हात फडफडवितात, डुलतात, वस्तू हाताळीत राहतात. संवेदनांतील हा फरक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या आवृत्तीत स्वमग्नतेच्या लक्षणांत समाविष्ट केला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आया ती फार पूर्वीपासून सांगत होत्या.

येथेच हट्ट आणि कोसळणे यांतील भेद समजून घ्यावयास हवा. हट्ट करणारे मूल रडता रडता आईकडे एक डोळा ठेवून असते. फुगा मिळाला की रडे थांबते. संवेदनांचा भार असह्य होऊन कोसळलेल्या मुलास काही नको असते. फुगा दिला तरी ते थांबत नाही, दटावले तर अधिकच बिघडते. अशा वेळी भोवतालच्यांनी करावयाची गोष्ट अगदी साधी आहे: गर्दी हटवावी, हात लावू नये, आवाज व दिवा शक्य तितका कमी करावा, आणि सोबतच्या माणसास एकाच वाक्यात "काय करू?" एवढे विचारावे. दहा जणांनी दहा सूचना देऊ नयेत. दुकानाच्या आतल्या बाजूस एक स्टूल आणि दहा मिनिटांची शांतता मिळाली, तर बहुतेक प्रसंग आपोआप निवळतात.

भाषेचाही असाच एक खड्डा आहे. आपला व्यापारी आर्जवाने बोलतो. "घ्या हो ताई, घरचंच दुकान आहे, पैशाचं काय एवढं!" या वाक्याचा अर्थ आपणास कळतो, कारण आपण शब्द ऐकत नाही, रीत ऐकतो. शब्दशः अर्थ घेणारा तरुण वस्तू उचलून निघून गेला तर त्याच्यावर चोरीचा आळ येईल. "दोन मिनिटांत देतो" म्हणजे वीस मिनिटे, "शेवटचा भाव" म्हणजे अजून दोनदा उतरणारा भाव, "सुट्टे नाहीत" म्हणजे गोळ्या घ्या. आपल्या बाजारातील निम्मा व्यवहार अशा न लिहिलेल्या कोशावर चालतो, आणि तो कोश ज्याच्यापाशी नाही त्याची प्रत्येक खरेदी परीक्षा होऊन बसते.

चिठ्ठीची जुनी पद्धत

या संदर्भात गिरगावसारख्या जुन्या वस्तीचा एक गुण सांगावासा वाटतो, कारण नव्या योजना आखताना तो नजरेआड होण्याचा संभव आहे. चाळीच्या तळमजल्यावरील वाण्याकडे आई मुलास चिठ्ठी देऊन पाठवीत असे. अर्धा शेर साखर, दोन आण्यांची हळद, खाली नाव आणि खोली क्रमांक. मुलाने काही बोलावयाचे नसे. वाणी चिठ्ठी वाची, पुड्या बांधी, वहीत मांडी आणि "नीट जा रे" म्हणे. त्या काळी स्वमग्नता हा शब्द कोणास ठाऊक नव्हता, आणि घरात जे शब्द वापरले जात ते आज उच्चारू नयेत असेच होते. तरीही त्या चिठ्ठीमुळे न बोलणारे मूलही बाजार करून येई. दुकानदार तोच, जागा तीच, वेळ तीच, भाव ठरलेला आणि बोलण्याची सक्ती नाही. आज परदेशांतील तज्ज्ञ ज्या सोयींची शिफारस करतात, त्यांपैकी बऱ्याच या एका चिठ्ठीत सामावलेल्या होत्या.

जुना काळ सुखाचा होता असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. अनेक मुले घरात कोंडलेलीही असत. पण ओळखीच्या दुकानदाराची जागा स्वयंसेवी दुकानाने घेतली, आणि आता काही मिनिटांत जिन्नस घरपोच आणणारी सेवा आली. ज्यास गर्दी मुळीच सोसत नाही त्याच्यासाठी ही सेवा वरदान आहे. परंतु स्वावलंबन शिकणाऱ्या तरुणास बाजारात जाण्याचे कारणच उरत नाही, ही तिची दुसरी बाजू होय. चिठ्ठीची पद्धत आज सहज पुन्हा आणता येईल: मोबाइलवर लिहिलेली यादी दाखविणारा ग्राहक आला, तर त्यास "बोल ना, तोंड नाही का तुला?" असे न विचारणे, एवढीच तिची अट.

अन्यत्र काय झाले

२०१६ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी देण्यास प्रारंभ झाला. ती घातलेल्या प्रवाशाचे दिव्यांगत्व डोळ्यांस दिसणारे नसले, तरी त्यास थोडा अधिक वेळ द्यावा, हा संकेत. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. २०१७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधील स्वमग्नताविषयक राष्ट्रीय संस्थेच्या आवाहनावरून हजारो दुकानांनी एक तास संगीत बंद ठेवून दिवे मंद केले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मोठ्या दुकानसाखळ्यांनी आठवड्यातून एक 'शांत तास' ठेवावयास सुरुवात केली. ठाकूरद्वारच्या दृष्टीने अधिक उद्बोधक उदाहरण आयर्लंडमधील क्लोनाकिल्टी या लहान गावाचे आहे. २०१८ मध्ये या संपूर्ण गावास स्वमग्नतास्नेही म्हणून मान्यता मिळाली. एखाद्या दुकानापुरता विचार न करता दुकानदार, शाळा, आरोग्यसेवक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन ते काम केले.

शांत तासाविषयी एक शंका मनात येते. 'त्यांची वेळ' ठरली की उरलेला दिवस 'आपला' असे समजण्याचा मोह होतो. ज्या आईला सकाळी दहा वाजता नोकरीवर असावे लागते तिला तो तास निरुपयोगीच. म्हणून असा तास आरंभ म्हणून ठीक. त्यात शिकलेले वागणे दिवसभर टिकले, तरच त्याचे सार्थक.

रस्त्याचा मालक कोण?

मोठ्या मॉलमध्ये व्यवस्थापकाने आदेश दिला की संगीत थांबते. ठाकूरद्वारच्या रस्त्याला असा एक मालक नाही. पदपथ महानगरपालिकेचा, सिग्नल वाहतूक पोलिसांचा, भोंगा वाहनचालकाचा, ध्वनिवर्धक दुकानाचा वा मंडळाचा, आणि पदपथावरील विक्रेत्यांचा प्रश्न पथविक्रेता अधिनियम, २०१४ खालील समितीचा. प्रत्येकाकडे थोडा थोडा अधिकार आहे, आणि म्हणूनच कोणाकडेच जबाबदारी नाही अशी स्थिती होते. कोणत्याही उपक्रमाची खरी अडचण येथे आहे; पैशांची अडचण त्यामानाने लहान.

तरतुदी पुरेशा आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे व्यापारी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे, आणि तेथे आणीबाणीखेरीज भोंगा वाजविण्यास मनाई आहे. मुंबई वाहतूक पोलिसांचा एक प्रयोग वाचकांना स्मरत असेल. २०२० च्या प्रारंभी चर्चेत आलेल्या त्या प्रयोगात काही चौकांतील सिग्नल ध्वनिमापकास जोडले होते. भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलपलीकडे गेला की तांबड्या दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. थट्टेचा विषय झालेला हा प्रयोग खरे म्हणजे गंभीरपणे पुढे न्यावा असा होता. २०१६ च्या अधिनियमाने खाजगी सेवादात्यांवरही सुगम्यतेचे बंधन घातले आहे. त्याच्या कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. नाक्यावर उभे राहून एखाद्या मुलाची नक्कल करणाऱ्यांना हे ठाऊक नसते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता अनिवार्य करावेत असा निर्णय दिला. सुगम्यता म्हटले की उतरंड आणि कठडा एवढेच डोळ्यांपुढे येते. आवाज आणि पाटी ही देखील पायरीच होय, हे अजून रुजावयाचे आहे.

पाटीचाच विचार करू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी आवश्यक झाली आणि तिची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असे ठरले. अक्षरांचा आकार ठरला, तसे वळणही साधे असावे. वेलबुट्टीदार, सावली दिलेली, चकाकणाऱ्या पार्श्वभूमीवरील अक्षरे वाचनअक्षम व्यक्तीस कोड्यासारखी भासतात. नावाशेजारी वस्तूचे साधे चित्र असले, वस्तूंवर भाव लिहिलेले असले आणि उपाहारगृहाच्या भिंतीवरील फलकात पदार्थांची छायाचित्रे असली, तर अध्ययन अक्षम मुलाप्रमाणेच परगावचा पाहुणा, चष्मा विसरलेले आजोबा आणि नुकतीच साक्षर झालेली बाई यांचीही सोय होते. वस्तूवर छापील भाव असला की हिशेबात गोंधळणाऱ्या मुलास घासाघीस करावी लागत नाही. ही सर्व कामे एका रंगाच्या डब्याच्या खर्चात होणारी आहेत.

ठाकूरद्वारात आरंभ करावयाचा झाल्यास व्यापाऱ्यांनी आठवड्यातील एका दिवशी, दुकाने उघडल्यानंतरचा पहिला तास निवडावा, कारण त्या वेळी गिऱ्हाईक मुळातच कमी असते व नुकसानीची भीती राहत नाही. ध्वनिवर्धक आणि धावत्या दिव्यांच्या माळा तेवढा वेळ बंद. मेट्रो स्थानकापासून नाक्यापर्यंतच्या वाटेची, दुकाने व वळणे दाखविणारी छायाचित्रे आधी घरी पाहावयास मिळाली तर निम्मी धास्ती कमी होते. अनपेक्षित गोष्ट ही या ग्राहकांची मोठी वैरीण असते. सणांच्या बाबतीतही तेच. गुढीपाडव्याची शोभायात्रा किंवा गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुका यांतून ढोल-ताशा वजा करता येणार नाही, आणि तशी मागणीही कोणी पालक करीत नाहीत. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याने मिरवणूक जाणार हे मंडळांनी चार दिवस आधी वाड्यांच्या फलकांवर लावले, तर घरच्यांना बेत आखता येतो. काही मुलांना ढोल अतिशय प्रिय असतो. ती दुरून, कानांवर आवाजरोधक लावून पाहतात.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी

ग्रामीण भागातील वाचकांस हा प्रश्न महानगरापुरता वाटेल. वस्तुतः आठवडे बाजार हा सहा दिवस शांत असलेल्या गावात अवचित उठणारा कल्लोळ असतो, आणि अशा मुलास तो ठाकूरद्वारपेक्षाही कठीण जाऊ शकतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नापैकी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. बहुतेक ठिकाणी तो वस्तुवाटपात जातो. त्यातील थोडा भाग बाजारतळाच्या कडेस झाडाखाली एक शांत ओटा व आडोसा करण्यास, आणि भाजी, धान्य, कापड यांच्या जागा दर आठवड्यास त्याच ठेवून तेथे चित्रफलक उभारण्यास वापरता येईल. कर्ण्याचे तोंड ओट्याच्या विरुद्ध दिशेस असावे, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

शिक्षकांना गणिताच्या तासातच बरेच करता येते. वर्गात मांडलेले दुकान, खऱ्या नोटा, पाठ केलेली तीन वाक्ये, आणि नंतर एका ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या वारी, एकच वस्तू आणण्याचा सराव. दुकानदारास आधी भेटून मुलाचे नाव, तो काय मागेल आणि त्यास उत्तर देण्यास किती वेळ लागतो हे सांगून ठेवावे. पहिल्या दिवशी शिक्षकाने सोबत आत जावे, दुसऱ्या खेपेस दाराशी थांबावे, आणि पुढे रस्त्याच्या पलीकडे. मुलाच्या खिशात नाव, घरचा दूरध्वनी आणि "मला उत्तर द्यायला वेळ लागतो" असे लिहिलेले एक कार्ड असावे, आणि त्याची एक प्रत जवळच्या पोलीस चौकीत दिलेली असावी.